गुरुवारचं पान

१

बॉयलरच्या रजिस्टरातलं एक पान कुणीतरी फाडून नेलंय, हे शनिवारी सकाळी दहाला उघडकीला आलं. आणि ते कुणी फाडलं, हे साडेदहापर्यंत ठरूनही गेलं. अंबरनाथच्या सौरंग केमिकल्समध्ये एरवी कामं इतक्या झपाट्याने होत नसत. कँटीनच्या नळाला वायसर बसवायला तिथे पाच महिने लागले होते.

फाडणारा म्हणून ठरला किसन भोईर. दुसऱ्या पाळीचा बॉयलर अटेंडंट, राहणार सोनिवली, नोकरी चौदा वर्षं. दोनच दिवस आधी, गुरुवारी सकाळी अकरा वीसला वाफेच्या मोठ्या पाईपचा जोड फुटला होता आणि पहिल्या पाळीचा अटेंडंट सदू दोन्ही हात नि छाती भाजून दवाखान्यात पडला होता. किसनचं म्हणणं असं, की बुधवारी रात्री अकराला बॉयलर बंद करून पाळी सोडताना त्याने रजिस्टरात बुधवारच्या पानामागे लिहून ठेवलं होतं: जोड गळतोय, पॅकिंग बदलेपर्यंत बॉयलर पेटवू नये. कंपनीचं म्हणणं असं, की त्याने पाईप तपासला नाही, काही लिहिलं नाही, आणि गुरुवारी दुपारी कामावर आल्यावर आपली चूक झाकायला बुधवारचं पानच फाडून टाकलं. आरोपपत्र नि निलंबनाचा आदेश साडेबाराला सोनिवलीत त्याच्या हातात पडला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीच्या आत.

चौकशी पुढच्या शुक्रवारी होती. आरोप शाबीत झाला की नोकरी जाणार, आणि मग कुठल्याच कारखान्यात कुणी आपल्याला बॉयलरपाशी उभं करणार नाही, हे किसनला समजावून सांगावं लागलं नाही. चौकशीत मदतीला एक सहकारी घ्यायची नियमात सोय होती. किसनने सात जणांना विचारलं. त्यांपैकी तिघांच्या घरी अचानक लग्नं निघाली, दोघांच्या पाठीत भरलं, एकाला नियमच मान्य नव्हता आणि एक जण नुसताच किसनकडे बघत राहिला. आठवा भगवान शेजवळ.

भगवान टाइमकीपर होता. वय चोपन्न, राहायला बदलापूरच्या खरवईत, निवृत्तीला तीन वर्षं नि चार महिने. हा हिशेब तो कॅलेंडर न बघता सांगू शके. गेटाजवळच्या खोलीत बसून कोण कधी आलं, कधी गेलं, हे हजेरीपुस्तकात लिहायचं, आणि का आलं, का गेलं, यात पडायचं नाही, अशी त्याची एकवीस वर्षांची नोकरी होती.

"दादा, मी लिवलं व्हतं," किसन म्हणाला. "माज्या हातानं लिवलं."

"मलाच का विचारतोस?"

"बाकीचे सगले नाय बोल्ले."

इतकं सरळ उत्तर भगवानला कुणी फारसं दिलं नव्हतं. तो हो म्हणाला आणि किसन गेल्यावर बराच वेळ समोरच्या हजेरीपुस्तकावर हात ठेवून बसला. फाडलेलं पान हा विषय त्याला नवीन नव्हता. पण ते इतक्यात कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

२

सौरंगचे जनरल मॅनेजर दौलतराव सरंजामे हे वाईट गृहस्थ नव्हते. ते कुणाला शिव्या देत नसत, कुणावर फाईल फेकत नसत. त्यांना तशी गरजच पडत नसे. त्यांच्या कपाळाला आठी पडायच्या आत ती कशामुळे पडणार होती ते ऑफिसातून नाहीसं केलेलं असे. साहेबांनी चहातली साखर सोडली, त्या आठवड्यात अख्ख्या स्टाफने सोडली. साहेब विनोद सांगू लागले की इंजिनियर रघु दळवी अर्ध्यातच हसायला लागे, त्यामुळे उरलेला अर्धा विनोद गेली काही वर्षं कुणी ऐकलेला नव्हता. साहेब ऑफिसात चष्मा लावत नसत, म्हणून ऑफिस सुपरिंटेंडेंट आण्णा पोतनीस त्यांना सगळे कागद वाचून दाखवत. आण्णा जे वाचत ते कागदावर असेच असं नाही, पण ते कानाला गोड लागे.

आणि गुरुवार. साहेबांचा उपास. दर गुरुवारी सकाळी कारखान्यातली सगळी रजिस्टरं ऑफिसात येत. साहेबांची स्टेनो मालिनी कर्णिक ती बाहेरच्या टेबलावर ओळीने उघडून ठेवी. उघडलेल्या रजिस्टरात डावीकडे बुधवारच्या पानाची मागची बाजू आणि उजवीकडे गुरुवारचं नवं पान. आण्णा सकाळी सोवळ्याने उगाळलेलं केशरी गंध चांदीच्या वाटीत घेऊन येत आणि प्रत्येक उजव्या पानाच्या माथ्यावर बोट ओढत. वाटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मालिनीबाईंनी एकदा ती नुसती सरकवली, तर आण्णांनी गंध पुन्हा उगाळलं होतं. शुक्रवारपर्यंत त्यांची बोटं पिवळी दिसत. साहेब साडेनऊला येत, त्यामुळे गंध वाळायला सवड नसे. रजिस्टरं तशीच पटापट मिटून आत साहेबांच्या टेबलावर रचली जात.

मग साहेब हात जोडून डोळे मिटत. सगळे मिटत. साहेबांच्या आधी डोळे उघडणं बरं दिसत नसे, म्हणून जो तो घट्ट मिटून घेई आणि साहेब खाकरेपर्यंत उघडत नसे. उघडे डोळे एकट्या भगवानचे. त्याच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पूजा नव्हती. तो हजेरीपुस्तक पोचवून केबिनच्या दाराशी उभा राही. त्याच्या पुस्तकाला गंध लागे, त्याला आत या असं कुणी म्हणत नसे, आणि त्यालाही आत जायचं नसे. दोन्ही पक्ष समाधानी होते.

चौकशी अधिकारी म्हणून आण्णांचीच नेमणूक झाली होती. पुरावा, म्हणजे बॉयलरचं रजिस्टर, त्यांच्याच कपाटात होता. सोमवारी भगवानने तो बघायला मागितला, तेव्हा आण्णांनी कपाट उघडलं आणि शेजारी उभे राहिले.

"शेजवळ, तुम्ही कशाला या भानगडीत? तुमचं काय राहिलंय आता, तीन वर्षं?"

"आणि चार महिने," भगवान म्हणाला.

त्याने मंगळवारचं पान उलटलं. पुढे शिवणीला धरून राहिलेला बोटभर रुंदीचा फाटका कपटा आणि थेट गुरुवार. गुरुवारच्या पानाच्या माथ्यावर गंध होतं. सातला सदूने लिहिलेला वाफेचा दाब होता, आठचा होता, दहाचा होता, अकराचा होता. त्याखाली कोरं. कपट्यावर एक पिवळसर डाग होता, अंगठ्याएवढा.

मंगळवारच्या पानामागेही वरच्या कोपऱ्यात केशरी ठसा होता. भगवानला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. आण्णांनी त्याच्या हातातून रजिस्टर काढून घेतलं आणि कपाटाची किल्ली जानव्याला बांधली.

३

रघु दळवी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचा. साहेबांनी टाय लावला तसे तिथल्या बाजारातून डझनाच्या भावाने टाय आणून त्यानेच सगळ्या इंजिनियरांना वाटले होते. बॉयलर त्याच्या ताब्यात. भगवानने त्याला कँटीनमध्ये गाठलं.

रघुने आधी साहेबांचं कौतुक केलं. असा देवमाणूस बॉस कुठे मिळतो, अपघात झाल्यावर स्वतः खिडकीतून बघत होते, वगैरे. किसनच्या नोंदीबद्दल मात्र तो ठाम होता. "गुरुवारी मी रजिस्टर उघडलंच नाही, शेजवळसाहेब. सदूकडून घेतलं आणि तसंच कोंडाजीच्या हाती वर पाठवलं. मला काय माहीत आत काय होतं? उगाच मला मध्ये घेऊ नका यार, माझं प्रमोशन ड्यू आहे."

इंजिनियर टाइमकीपरला शेजवळसाहेब म्हणायला लागला की समजावं, तो घाबरलाय. भगवानने ते मनात लिहून ठेवलं.

कोंडाजी हा शिपाई. त्याला रघुची फारशी भीड नव्हती. तो म्हणाला, रजिस्टरं लाल फडक्यात बांधून मी पावणेनऊला वर नेतो आणि दहाच्या आत खाली आणतो. जाताना-येताना गाठ मीच मारतो. वाटेत कुणी सोडली तर मला कळतं. त्या गुरुवारी कुणी सोडली नव्हती.

दवाखान्यात सदूला भेटायला भगवान रविवारी नि सोमवारी असा दोनदा गेला. दोन्ही वेळा खाटेच्या अलीकडे गोजरबाई उभी होती, सदूची बायको. सदूचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होते.

"दादा, औषधपाणी कंपनी करते," ती हळू आवाजात म्हणाली. "आण्णासाहेब रोज माणूस पाठवतात, कोण आलं-गेलं बघायला. यांना काय विचारू नका. हात गेले तरी तोंड हाय म्हणून सांगितलंय मी यांना, ते मिटलेलं ठेवा."

सदूने भिंतीकडे तोंड केलं. त्याला सगळं माहीत होतं, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं; पण पाठीची साक्ष चौकशीत चालत नाही.

म्हणजे बोलणारं कुणी नव्हतं. खरवईला घरी आल्यावर भगवान जेवला नाही. बायकोने, द्रौपदीने, ताट झाकून ठेवलं आणि एवढंच विचारलं, की ती ट्रंक आज पुन्हा कशाला काढलीत.

४

ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी एक घडी घातलेलं पान होतं. सौरंगच्या हजेरीपुस्तकाचं, बारा सप्टेंबर चौऱ्याऐंशी, बुधवार. रंगखात्यात चांगुणा नावाची कंत्राटी बाई वायूने चक्कर येऊन पडली होती, आणि भगवानने शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलं होतं. गुरुवारी सकाळी आण्णा गेटावर आले होते आणि म्हणाले होते, साहेबांना आज हे नको दाखवायला. तेवढं पान काढा, शुक्रवारी परत लावू. भगवानने स्वतःच्या हाताने पट्टी लावून पान काढलं. मग शुक्रवार आला आणि गेला. चांगुणा भरपाई मागायला आली, तेव्हा ती त्या दिवशी कामावर होती याला कुठे पुरावाच नव्हता. ती काही दिवस गेटाबाहेर बसली, मग दिसेनाशी झाली. आता ती बदलापूर स्टेशनच्या पायऱ्यांशी भाजी विकायची. भगवान गेली दोन-अडीच वर्षं दुसऱ्या जिन्याने चढत होता.

मंगळवारी सकाळी कामावर आल्या आल्या त्याने चौऱ्याऐंशी सालचं हजेरीपुस्तक खाली काढलं आणि दार लोटून घेतलं.

त्याने पानं चाळली. प्रत्येक गुरुवारच्या पानावर गंध. ओलं असतानाच पुस्तक मिटलेलं, त्यामुळे प्रत्येक गंधाचा उलटा ठसा समोरच्या पानावर, म्हणजे बुधवारच्या पानामागे. ओळीने पाच आठवडे तसंच. सप्टेंबरचा दुसरा आठवडा आला. तिथे बुधवार नव्हता. तो ट्रंकेत होता. आणि गंधाचा ठसा उमटला होता मंगळवारच्या मागे.

भगवान खुर्चीत टेकून बसला. सोमवारी काय खटकलं होतं ते आता त्याला कळलं.

बॉयलरच्या रजिस्टरात त्या गुरुवारी गंध लावून पुस्तक मिटताना मध्ये बुधवारचं पान असतं, तर ठसा त्यावर उमटला असता आणि त्याच्याबरोबर गेला असता. तो मंगळवारच्या मागे होता. म्हणजे पुस्तक मिटलं तेव्हाच बुधवारचं पान गेलेलं होतं. पुस्तक मिटलं सव्वानऊच्या सुमाराला. जोड फुटला अकरा वीसला. किसन कामावर आला दुपारी तीनला. त्याचं कार्ड भगवाननेच बघितलं होतं.

अपघात झाकायला पान फाडलं, असं सगळे धरून चालले होते. पण फाडणाऱ्याने फाडलं तेव्हा अपघात झालाच नव्हता. जे घडलेलंच नाही ते कोण झाकेल? त्याला झाकायचं होतं दुसरंच काही: एक वाईट बातमी, एका चांगल्या दिवशी. आणि ती झाकली म्हणूनच पुढे अपघात झाला.

उरला तो कपट्यावरचा पिवळा अंगठा. वाटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो.

फाडणारा कोण ते कळलं होतं. तोच शुक्रवारी चौकशी अधिकारी म्हणून खुर्चीत बसणार होता. त्याच्यापुढे ठसा दाखवला, तर शनिवारपर्यंत मंगळवारचंही पान राहणार नव्हतं.

५

भगवानला आता एक गोष्ट हवी होती, ते पान. ते जाळलं गेलं नसणार, याची त्याला खात्री होती. आण्णांनी आयुष्यात कागद टाकला नव्हता. ते आलेल्या पाकिटांच्या पाठीवर वाण्याची यादी करत. आणि त्यांना खोटेपणा करायचा नव्हता. त्यांच्या लेखी ते पान फक्त एक दिवस मागे ठेवलं होतं, आणि मागे ठेवलेले कागद सांभाळायचं काम स्टेनोचं असणार.

बुधवारी दुपारी आण्णा जेवायला गेल्यावर तो मालिनीबाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. मालिनीबाई चाळिशीच्या. नवऱ्याची गिरणी संपात गेली ती उघडलीच नाही, तेव्हापासून घर त्यांच्या टाइपरायटरवर चाललं होतं. किसनचं आरोपपत्र त्यांनीच टाइप केलं होतं, एकही चूक न करता.

भगवानने त्यांच्यापुढे ट्रंकेतलं पान ठेवलं आणि चांगुणाची गोष्ट सांगितली. आवाज न चढवता, हजेरी वाचावी तशी. पान मी फाडलं, असं तो म्हणाला, तेव्हा मालिनीबाईंची बोटं टाइपरायटरवरून खाली आली.

"तुम्ही मला कशाला सांगताय?"

"मला कुणाला तरी सांगायचं होतं. आण्णा तुम्हाला 'उद्या दाखवू' म्हणून देतात ते कागद तुम्ही कुठे ठेवता, तेही विचारायचं होतं."

त्यांनी आण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग खालचा खण उघडला. आत एक जाडजूड फाईल होती, वर नाव टाइप केलेलं: शुक्रवार.

"एकोणतीस आहेत," त्या म्हणाल्या. "मी आल्यापासूनचे. दर शुक्रवारी विचारते, आता दाखवायचे का. आण्णा म्हणतात, साहेब आज खुशीत आहेत, राहू दे. नाहीतर म्हणतात, साहेब आज नाखूश आहेत, राहू दे." त्यांनी वरचा कागद काढला. "हा तर त्या शुक्रवारी मी हातात घेऊन बसले होते. अपघात होऊन गेलेला. आण्णा म्हणाले, आता दाखवला तर आपण सगळेच जाऊ. मला दोन मुली आहेत, शेजवळ. मग शनिवारी मी ते आरोपपत्र टाइप केलं."

किसनचं अक्षर मोठं होतं, बॉयलरच्या घड्याळावरच्या आकड्यांएवढं. चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

"शुक्रवारी चौकशीत द्याल?" त्यांनी विचारलं.

"चौकशीत नाही," भगवान म्हणाला. "उद्या कोणता वार?"

मालिनीबाईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि गेल्या सहा वर्षांत त्या ऑफिसात जे कुणी केलं नव्हतं ते केलं. साहेब हसलेले नसताना हसल्या, जरासंच.

६

गुरुवारी साडेनऊला साहेब आले. रजिस्टरं टेबलावर रचलेली होती, उदबत्ती लागली होती. रघु, आण्णा, मालिनीबाई, दोन-तीन फोरमन हात जोडून उभे राहिले. कोंडाजी रिकामं लाल फडकं घेऊन कोपऱ्यात. साहेबांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

भगवान एकवीस वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेला. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. कुणाला कळलं नाही. कळण्यासाठी साहेबांच्या आधी डोळे उघडावे लागले असते. त्याने ढिगावरचं हजेरीपुस्तक साहेबांपुढे उघडलं, त्यावर दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि एक पाऊल मागे सरकून उभा राहिला. तेवढ्यात साहेब खाकरले.

साहेबांनी पान उचललं, हात लांब करून धरलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच स्वतः वाचलं. मोठ्याने वाचलं, कारण त्यांना ऐकायचीच सवय होती.

"जोड गळतोय. पॅकिंग बदलेपर्यंत बॉयलर पेटवू नये. किसन भोईर. बुधवार, रात्री अकरा." ते थांबले. "हे कुठे होतं?"

"साहेब, पूजा होऊ द्या," आण्णा म्हणाले. "मग मी सविस्तर—"

"कुठे होतं?"

भगवानने सांगायला सुरुवात केली. कोंडाजीने आण्णांच्या कपाटातून बॉयलरचं रजिस्टर आणलं. किल्ली मागताना त्याने जानव्याकडे नुसतं बोट दाखवलं. भगवानने आधी बाकीचे गुरुवार दाखवले, गंध आणि समोर बुधवारच्या मागे ठसा. मग तो गुरुवार, आणि ठसा मंगळवारच्या मागे. पान सव्वानऊच्या आधी गेलं. अपघात अकरा वीसचा. किसन त्या वेळी सोनिवलीत झोपलेला. रात्री जाताना त्यानेच फाडलं म्हणावं, तर आपणच लिहिलेली तक्रार आपणच का फाडावी? कोंडाजीची गाठ वाटेत सुटली नाही. खाली सदूने सातला नि आठला त्याच उघड्या पानासमोर दाब लिहिला, म्हणजे किसनची नोंद त्याच्या डोळ्यांपुढे होती, आणि ती वाचून सदू कुणाला विचारायला गेला असेल ते बॉयलरचे इंजिनियर सांगतील.

सगळ्यांनी रघुकडे बघितलं. रघुने साहेबांकडे बघितलं, साहेब हसताहेत का ते. "तो म्हणाला होता," रघु म्हणाला. "मी म्हटलं, रजिस्टर वर चाललंच आहे, साहेब बघतील ना. तोवर चालव."

"आणि वर कुणी फाडलं?" साहेबांनी विचारलं.

भगवानने कपट्यावरचा डाग दाखवला आणि पुढे काही बोलला नाही. खोलीतल्या सगळ्यांची नजर आण्णांच्या हातांवर गेली. ते आजही पिवळे होते.

आण्णांनी हात पाठीमागे घेतले. "मी कंपनीचं वाईट कधी चिंतलं नाही, साहेब. मला वाटलं एका दिवसाने काय होतंय. तुम्हाला गुरुवारी वाईट ऐकलेलं चालत नाही, म्हणून..."

"मला चालत नाही? मी कधी म्हटलं?"

फोरमन एकमेकांकडे बघू लागले. शेवटी रघुच पुटपुटला, "एक्क्याऐंशी साली, साहेब. गुरुवारी पंप बिघडल्याचं सांगितलं तर तुम्ही कपाळाला हात लावून आत निघून गेला होता. तेव्हापासून..."

साहेब आठवत उभे राहिले. उदबत्तीची राख टेबलावर पडली.

"त्या दिवशी माझी दाढ दुखत होती," ते म्हणाले.

भगवानला हसू आलं नाही. सहा वर्षं दर गुरुवारी या कारखान्यात काहीच बिघडत नव्हतं, याचं या माणसाला एकदाही नवल वाटलं नव्हतं. दाढ दुखत असली तरी तेवढं विचारता येतं. पण हे तो बोलला नाही. त्याला अजून एक बोलायचं होतं.

"हे तुम्हाला कसं कळलं, शेजवळ?" साहेबांनी ठशाकडे बघत विचारलं.

"ते दुसरं पान वाचा, साहेब," भगवान म्हणाला. "ते मी फाडलंय."

७

किसनचं निलंबन त्याच दिवशी मागे घेतलं. आदेशात 'सहानुभूतीपूर्वक विचार करून' असं होतं. मालिनीबाईंनी ते टाइप करताना दोनदा थांबून विचारलं, सहानुभूती नक्की कुणाला. सदूचे हात वाचले, पण उजव्याची बोटं पुरती मिटत नाहीत. त्याला आता कागद सांभाळायचं काम आहे.

आण्णा आहेत तिथेच आहेत. साहेबांना कागद वाचून दाखवायला कुणीतरी लागतं. भगवानने स्वतःहून कबूल केलं म्हणून त्याची चौकशी झाली नाही, नुसती बदली झाली. मागच्या गोदामात, जिथे हजेरी लिहायला माणसंच नाहीत.

पुढच्या गुरुवारी साहेब वाईट बातमी ऐकून घेतात, असं ऑफिसात पसरलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी साहेबांना वाईट बातमी आवडते, असं ठरलं. आता दर गुरुवारी सकाळी केबिनबाहेर रांग असते. रघु गंजलेल्या बोल्टांची यादी आणतो, फोरमन फुटलेल्या काचा मोजून आणतात, आणि ज्याच्या खात्यात काही बिघडलेलं नसतं तो बुधवारी संध्याकाळी जरा अस्वस्थ असतो. जोडाचं पॅकिंग मात्र बदललं. ते किसनने स्वतः उभं राहून बदलून घेतलं.

साहेबांच्या सहीशिक्क्याची बारा सप्टेंबर चौऱ्याऐंशीच्या पानाची नक्कल घेऊन भगवान एका संध्याकाळी बदलापूरला उतरला आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्या जिन्याकडे गेला. चांगुणा मेथीच्या जुड्या ओल्या फडक्याखाली झाकत होती. तिने त्याला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. त्याने कागद पुढे केला.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"त्या दिवशी तू कामावर होतीस, असं लिहिलंय. आता भरपाई मागता येईल. मी येईन बरोबर."

चांगुणाने कागद हातात न घेता त्याच्याकडे बघितलं.

"मी कामावर व्हते ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमाला आज कळलं व्हय?"

भगवानने कागद मेथीशेजारी ठेवला. मग त्याने पिशवी उघडून तिच्यापुढे धरली, आणि तिने त्यात दोन जुड्या टाकल्या, जरा जोरात.